एक ट्रान्सफॉर्मर, दोन जहाजवाले

३ फेब्रुवारी

संपादक मनोहररावांना पाचपर्यंत तीनशे शब्द हवे होते. दिले. अजस्र यंत्रं स्वतःच्या क्रेननं उचलून नेणारी जहाजं असतात, त्यांच्या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. पत्रकात म्हटलंय, ग्राहकांचा फायदा. तो कसा, ते नाही. फोन केला तर तिथल्या बाईंनी तेच वाक्य वाचून दाखवलं. मीही तसंच छापलं. नागपूरला समुद्र नाही — वाचणार कोण!

४ फेब्रुवारी

पुष्करनं वाचलं. माझा धाकटा भाऊ बुटीबोरीच्या कारखान्यातून ट्रान्सफॉर्मर परदेशी पाठवतो, हे काल डोक्यातच आलं नाही.

सकाळीच घरी आला. चहा निवला तरी बोलतच होता. पुढच्या ट्रान्सफॉर्मरसाठी त्यानं याच दोन कंपन्यांचे दर मागवले होते. एकीकडे विक्की, दुसरीकडे सुमंत. विक्कीला सांगितलं, सुमंत कमी घेतो. सुमंतला सांगितलं, विक्की कमी घेतो. दोन्ही थापा. महालच्या बाजारात साडी घेताना आई हेच करते. पण ती दुकानं अजून वेगवेगळी आहेत.

"आता दोघं एकाच ऑफिसात बसतीन, ताई. डबा खाताना माझाच विषय निघन."

मला हसू आलं. त्याला नाही. थाप त्याच्या साहेबांपर्यंत पोचली तर नोकरी जाईल, म्हणाला.

७ फेब्रुवारी

कुठूनच काही नाही. साहेबांना आधीच सांगून टाकू का, पुष्कर विचारतो. सकाळी मी हो म्हटलं. संध्याकाळी नको म्हटलं.

११ फेब्रुवारी

नवा दर आला — जुन्या दोन्हींपेक्षा जास्त. खाली कोणा चारुशीलाबाईंची सही. साहेब म्हणाले, दुसरीकडे विचार. दुसरीकडे कुठे?

"ग्राहकांचा फायदा छापला न तू? मले दाखव, कुठी आहे तो."

विक्की, सुमंत — कुणाचंच नाव नाही नव्या दराच्या कागदावर. हे बरं की वाईट? दोघांनी मिळून सूड उगवला, असं पुष्करला वाटतं. मला तसं वाटत नाही. मग काय वाटतं, तेही नीट कळत नाही.

१४ फेब्रुवारी

आज पुष्करला विक्कीचा फोन आला. दुपारी सुमंतचा. दोघांनाही कामावरून काढलंय. तुमच्या कारखान्यात एखादी जागा आहे का, विचारत होते. आणि दुसऱ्याला कळू देऊ नका, असं दोघंही म्हणाले.