बाकांखालचे हात

९ मार्च, रविवार

प्रिय आई,

आज सकाळी धाकटीच्या जुन्या शाळेत तिचं प्रदर्शन सुरू झालं. मैत्रिणींनी वर्ग झाडला, बाकं लावली. पाहुणे आले, भाषणं झाली, पाहुणे गेले. तू का आली नाहीस, असं कोणी विचारलं नाही. मावशीकडे तुझी तब्येत बरी असेल.

ती जाण्याआधी काय करत होती, हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल. प्रदर्शनात नुसती शाळेची बाकं आहेत, वर काहीच नाही. वाकून पाहिलं तर बैठकीखाली प्लास्टरचे लहान लहान हात दिसतात, बोटं एकमेकांना चिकटलेली. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या या शाळेत तेव्हा हातांनी बोलायला बंदी होती. हात मांडीखाली घेऊन बसायचं आणि बाईंच्या ओठांकडे बघायचं. हातांची सवय लागली तर तोंड उघडणार नाही, असं बाई म्हणायच्या आणि आपण माना डोलवायचो. ‘पाणी’ म्हणेपर्यंत तिला पाणी मिळायचं नाही. तिनं हात पुढे केला की पेला मागे जायचा. पुढे तिला ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत घेतलं तेव्हा आपल्याला वाटलं, सुटलो. तिथले गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. ती त्यांच्या पाठीवर काय वाचणार?

पाहुण्यांना वाकावं लागणं आताच्या मुख्याध्यापिकांना बरं दिसेना. बाकं उलटी ठेवू, हात वर येतील, फुलांसारखे दिसतील, असं त्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. मी किती बोलतो ते तुला माहीत आहे. तेवढंच बोललो आणि बाकाला हात लावून उभा राहिलो. शेवटी त्या गेल्या. मग एका पाहुण्यांनी जिद्दीवर लांबलचक भाषण केलं. ते खुणांनी सांगायला मंचावर कोणी नव्हतं. धाकटीच्या मैत्रिणी मागे भिंतीला टेकून पाहुण्यांच्या मिशा हलताना बघत होत्या. त्यातल्या वेल्डिंग करणारीनं मला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय? तुमचं कौतुक करतोय, मी सांगितलं. मग आमच्यापासून लपवतोय कशाला, ती म्हणाली. धाकटी असती तर पोट धरून हसली असती. मला हसू आलं नाही.

तू का आली नाहीस ते मला कळतं. बाकांच्या शेवटी आपल्या स्वयंपाकघरातली दोन स्टुलं आहेत, हे मावशीच्या सुनेनं तुला सांगितलंच. घरीही तसंच बसवा, असं बाईंनी बजावलं होतं. जेवणाआधी शब्दांचा सराव व्हायचा आणि ‘हात खाली’ तू म्हणायचीस. पोरीनं मला चार लोकांत उभं केलं, एवढं म्हणून तू फोन ठेवलास.

म्हणून हे पत्र. एका स्टुलाखाली लहान हात आहेत. दुसऱ्याखाली मोठे आहेत, आणि त्यातल्या उजव्या हाताची करंगळी दारात चेमटल्यासारखी वाकडी आहे. गेल्या वर्षी तिनं तुझे हात साचा घ्यायच्या त्या गार लगद्यात बुडवून ठेवले होते आणि तू किती वैतागली होतीस, आठवतं? तिच्यासमोर बसताना तूही आपले हात मांडीखाली घ्यायचीस. मी ते पार विसरून गेलो होतो. तिनं तुला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. तिनं तसं काही लिहून ठेवलेलं नाही. मला फक्त ते हात दिसले. शनिवारी बाकं हलवणार आहेत, त्याआधी ये. वाकायला जड जाईल, मी धरीन.

तिचं प्लास्टर कालवायचं घमेलं अजून मोरीतच होतं. आज घासायला घेतलं, पण काठावरचं निघत नाही. पाणी घालून भिजत ठेवलंय.

तुझाच,
थोरला