बायकांचं दार आधी उघडायचं

माय, तू खोटं सांगितलं. शनिवारी सांजच्याला मी तो सिनेमा पुरा पाह्यला, अन् आज मंगळवार आला तरी तो डोक्यातून जात नाही. ती बाई शिलाई मशीन घेत नाही माय. कोणाचे कपडे शिवत नाही. ती मरते. अन् तू तर भाकर थापता थापता किती ठासून सांगितलं होतं, की ती बापाच्या गावी आली, मशीन घेतली, अन् नवरा दारात आला तवा त्याले पाणी पाजून आल्या वाटेनं लावून दिलं. गल्लीतल्या साऱ्या बायका माना हालवत होत्या. मी बी हालवली होती.

झालं असं. कॉलेजच्या गेटासमोर माही चहा-पोह्याची गाडी आहे, तुह्या माघारी टाकली. पोट्ट्यायले आता करमणुकीची काही कमी नाही. तू कामाले होती ती टॉकीज पाडली, तिथं हिरवं गवत अंथरून जाळीच्या आत क्रिकेट खेळतात, गवत बी प्लास्टिकचं. कॅफे निघाले, तिथं एका कॉफीवर दोघं दोघं सांज काढतात. पावसाळ्यात घाटात जाऊन धुक्यात नाचतात, मोबाइल समोर ठेवून. नाचा बाप्पा, माहं काय जाते. त्यातल्याच काही पोट्ट्यायनं सिनेमाचं मंडळ काढलं, शनिवारी कॉलेजच्या हॉलात भिंतीवर जुना सिनेमा दाखवतात. मी किटली घेऊन चहा द्याले गेली होती. एक चष्म्याची पोट्टी म्हणे, "बसा ना मावशी, आमच्यासोबत पाहा." म्हटलं, पाच मिनिटं बसते, मले कामं आहेत. भिंतीवर नाव आलं अन् मी किटली खाली ठेवली. हा तर आपला सिनेमा!

तू बायकांच्या दारावर उभी असायची. पुरुषांचं दार मोठ्या रस्त्यावर, बायकांचं मागच्या बोळीत, अन् आत दोघांच्या मधात फळ्यांचा आडोसा. टॉकीजवाल्याचा नियम होता, सिनेमा सरायच्या आधीच बायकांचं दार उघडायचं, म्हणजे पुरुषांची गर्दी फुटायच्या आत बायका घरी. तू बॅटरी हालवत ओरडायची, "चला व, उठा! चुली वाट पाहून राह्यल्या. ती मेली तर मरू द्या, तुमचे मालक बाहेर आले म्हणजे तुम्ही मरसान!" बायका पदर सावरत, मागं पाहत पाहत, लेकरं ओढत बाहेर यायच्या. या गावातल्या तुह्या वयाच्या एकाही बाईनं टॉकीजमध्ये शेवट पाह्यला नाही. आज चष्म्याच्या पोट्टीले सांगितलं तर ती डोळे फाडून पाहत बसन, पण आमाले त्यात काही नवल नव्हतं. शेवट पाह्यजे असन तर दुसऱ्या दिवशी तुह्या चुलीपाशी यायचं.

शेजारची काकू सगळ्याच्या आधी यायची. "सांग ना व, काय झालं तिचं? रातभर माहा जीव टांगणीले लागला." तू म्हणायची, "पीठ तर मळू दे मले." मग मळता मळता सांगायची, अन् बायका तुह्या हाताकडं पाहत राहायच्या, जसा शेवट परातीतूनच निघून राह्यला. मी लहान होती, मधातच बोलली, "पण माय, मशीन घ्याले तिच्याजवळ पैसे कुठून आले?" तू भाकर तव्यावर आपटली. "तू गप बैस. जिले जगायचं असते, तिले मशीन सापडते."

शनिवारी मी त्याच मशीनची वाट पाहत बसली होती. नवरा दुसरी बाई घरी आणते, हिले उष्टं खाऊ घालते, सारं तू सांगितल्यासारखंच चाललं होतं. मग ती बाई पहाटे उठते. अंगण झाडते. झोपलेल्या नवऱ्याच्या पाया पडते अन् विहिरीकडं जाऊन राह्यली. मी म्हटलं आता वळन, आता रस्त्याले लागन. वळलीच नाही. पाण्याचा आवाज झाला अन् मी उभी राहून ओरडली, "हे खोटं हाय! याचा शेवट असा नाही!" सारा हॉल हासला. मागून एक पोट्टं म्हणे, "मावशीनं दुसरा पार्ट पाह्यला वाटते!" चष्म्याची पोट्टी जवळ आली, माह्या खांद्यावर हात ठेवला. "मावशी, हाच शेवट आहे. पहिल्यापासून हाच आहे." म्हटलं, "तुले काय माहीत, कालची पोट्टी तू!" अन् किटली तिथंच सोडून निघाली.

सरळ काकूकडं गेली. काकू आहे अजून. दात गेले, जीभ शाबूत आहे. ओट्यावर लसूण सोलून राह्यली होती.

"काकू, त्या सिनेमातली ते बाई विहिरीत उडी घेते."

"हाव," काकू म्हणे. मान बी वर केली नाही. "माहीत हाय मले."

"कवापासून?"

"तवापासूनच. माह्या मालकानं पुरा पाह्यला होता ना. त्याच राती सांगितलं, दात काढून. म्हणे, पाह्य, बाई असावी तं अशी."

"मग दुसऱ्या दिवशी मायले काऊन इचारून राह्यली होती?"

"त्याचा शेवट मले पटला नाही म्हून." मग तिनं मान वर केली. "अन् पोरी, तुह्या मायले तरी कुठं माहीत होता? आमाले हाकलत हाकलत ते बी बोळीत यायची. तिनं एकही शेवट पाह्यला नाही कधी."

मी तिथंच ओट्यावर बसली. मले वाटत होतं तू लपवलं. तू लपवलं बी नाही, तुले ठाऊकच नव्हतं! एवढ्या बायका तोंडाकडं पाहून राह्यल्या, अन् टॉकीजवाल्या बाईनं 'माहीत नाही' म्हणावं कसं? दिलं रचून. परातीत पाणी घालावं तसा शेवट घातला. बाई, तुले भीती कशी वाटली नाही? कोणी खरं मानून त्यावर चाललं म्हणजे?

कोणी म्हणजे मीच. मोताळ्याकडच्या सासरहून मी आली तवा तू काही इचारलं नाही. ताट वाढलं. लोक म्हणाले, पोरीले परत धाडा, नांदवतीन ते. तू म्हणली, "धाडाले ते काय पार्सल हाय?" पुढं मी धुणीभांडी केली, स्वयंपाकं केली, गाडी टाकली. माही पोरगी आज अकोल्याले नर्स आहे. इतके वर्ष मले वाटे, मी जे केलं ते आधी कोणीतरी करून दाखवलं होतं, भरल्या टॉकीजमध्ये, साऱ्या गावासमोर. कोणी केलंच नव्हतं माय. तिकडं तर तिले मारून टाकलं, अन् पुरुष खुशीत घरी गेले.

चौथी शिकलेल्या बाईचा हा कागद कुठं धाडू? तू गेली त्या गावाले पोस्ट नाही. उद्या सकाळी गाडीवर शेगडी पेटवतानी हा कागद त्यातच घालीन. त्याच्या आधी एक गोष्ट लिहून टाकते, जे तू इचारली नाही अन् मी सांगितली नाही. माह्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आधी एसटीवर गेली नव्हती. आधी वावरातल्या विहिरीवर गेली होती. पोरगी पोटात होती. चपला काढून काठावर ठेवल्या, अन् मधातच मनात आलं, त्या सिनेमातल्या बाईले बापाच्या गावची गाडी कुठून भेटली असन? फाट्यावरूनच भेटली असन. मी चपला घातल्या अन् फाट्याकडं चालाले लागली.