आईचे अकरा महिने

पप्पा, आईला घर मिळालंय. म्हणजे मिळून वर्ष होत आलं, पण ते खरंच मिळालंय असं मला परवा वाटलं, आणि वाटल्यावर पहिलं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. पुण्याला परतताना बसमध्येच लिहायला घेतलंय, फोनवर, मराठी कीबोर्ड लावून. तुम्ही मला इंग्लिश मीडियमला घातलंत, त्यामुळे यातलं मी किती लिहिते आणि फोन किती लिहितो ते विचारू नका.

तुम्ही गेलात तेव्हा मी सहावीत होते. तुमचा चेहरा आता मला फोटोतलाच आठवतो, पण तुमचं घर हलवणं मात्र व्हिडिओसारखं आठवतं. नाशिकची, जेलरोडची खोली सोडायचीय. तुम्ही द्वारका चौकातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसमधून छोटा हत्ती टेम्पो घेऊन येता, बाही वर करता, आणि आधी फक्त उभं राहून सामानाकडे बघता. आई म्हणते, "दोन खेपा करू ना, सावकाश." तुम्ही म्हणता, "भाडेकरूचं घर एका खेपेत हललं पाहिजे. दुसऱ्या खेपेला लोक बघायला उभे राहतात." म्हणून आपल्याकडे सोफा कधी आलाच नाही. मी वाढदिवसाला स्टडी टेबल मागितलं तर तुम्ही फोल्डिंगचं आणलंत, पाय दुमडले की कपाटामागे सरकवता येणारं, आणि ते उघडून-मिटून दाखवताना माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त खूश होतात. घर कुठंही गेलं तरी स्कूलबसच्या रूटवर पाहिजे, एवढी एकच तुमची अट. शाळेत दरवर्षी 'माय हाउस' निबंध यायचा आणि दरवर्षी माझं घर वेगळं असायचं. मिसला वाटायचं ही पोरगी थापा मारते.

तुमच्यानंतर आईने तेच चालू ठेवलं. बालवाडीत शिकवायची, दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट, कधी मालक वाढवून द्यायचे, कधी नाही. नवव्या महिन्यापासून ती किराणावाल्याकडून रिकामे खोके आणून ठेवायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात पलंगाखाली खोके असतात. मग ती रिटायर झाली. शाल, नारळ, पोरांचा डान्स, आणि संपलं. पेन्शनचा प्रश्नच नव्हता, शिकवण्यांवर आणि मी पाठवते त्याच्यावर तिचं भागतं. भाडं द्यायचा प्रॉब्लेम नव्हता, पप्पा. प्रॉब्लेम हा होता की मागच्या वर्षी मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यांना खोल्या हव्या होत्या, आणि आईला नवीन घर द्यायला कुणी तयारच होईना.

मी एकदम जोशात होते हां. चार ॲप डाउनलोड केले, शनिवार-रविवार नाशिकला यायचे, आईला घेऊन फिरायचे. फोनवर सगळं गोड असायचं. "फॅमिली आहे ना? छान, छान." मग विचारायचे, कोण कोण राहणार? आई. आणखी? आईच. वय? की लगेच त्यांचा पुतण्या बदली होऊन परत यायचा. त्या उन्हाळ्यात नाशिकमध्ये जेवढे पुतणे परत आले तेवढे स्टेशनवर उतरले असते तर गर्दी आवरली नसती. एक काका मात्र सरळ बोलले. "मुली, राग मानू नकोस. उद्या आईंना काही झालं, दवाखाना, धावपळ, आम्ही कुठं पुरे पडणार?" मी भांडायच्या तयारीत होते. आई खाली उतरल्यावर म्हणाली, "बरोबरच बोलले ते. मला पण कधीकधी माझी भीती वाटते." आणि हसली. मला नाही हसू आलं.

आणि मग उपनगर नाक्यावरच्या घराचं जे झालं ते तुम्ही असतात तर... जाऊ दे, सांगतेच. तळमजला, पुढे छोटा ओटा, मालकीणकाकू एकदम तयार. चहा आला. आई ओट्याकडे बघत होती, म्हणजे मनात तिथं तिचे पापड वाळायला लागले होते. आणि मला उत्साह आला. मी कुठंतरी वाचलेलं की मालकांना एकच टिकून राहणारा भाडेकरू आवडतो. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला दरवर्षी नवीन माणूस शोधायचं टेन्शनच नाही. आई इथून कुठंही जाणार नाही. कायमची राहील." काकूंचा कप हवेतच थांबला. पेपरमागून काका बाहेर आले. "कायमची म्हणजे?" मी छान हसून म्हटलं, "म्हणजे अगदी शेवटपर्यंत!"

दुसऱ्या दिवशी त्यांचाही पुतण्या आला.

त्या दिवशी परतताना रिक्षात आई म्हणाली, "अगं, मालकाला कुणी कायम म्हणतं का? त्यांच्या डोळ्यांपुढे कोर्टच उभं राहिलं असेल. आणि वर शेवटपर्यंत! माझा शेवट त्यांच्या हॉलमध्ये करून आलीस तू." रिक्षावाला पण हसला. आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं, देवळालीगावातलं. मी दुसरीत असेन. मालकांच्या आजींनी विचारलेलं, "आवडलं का गं घर?" आणि मी म्हणालेले, "हो, आता आम्ही इथून कधीच जाणार नाही, कायम राहणार." तुम्ही आईला कांदा चिरून देत होतात. सुरी खाली ठेवून म्हणालात, "मालकासमोर कायम हा शब्द काढायचा नाही. आपण राहतो, पण नसल्यासारखं राहायचं." तुम्ही ओरडला पण नव्हतात, तरी मी रडले. कितीतरी वर्षं मला कायम ही शिवीच वाटायची.

घर सोडायला आता महिनाच राहिला होता. मामा कळवणला ये म्हणत होता. आई म्हणाली, "बहीण चार दिवस पाहुणी म्हणून बरी. कायमची बहीण कुणाला झेपत नाही." मी म्हटलं, पुण्याला चल. तर म्हणते, "तुम्ही तिघी मैत्रिणी, चौथी मी? सकाळी बाथरूमला नंबर लावू?" खोके भरलेले होते, टेम्पो कुठं न्यायचा तेवढंच ठरत नव्हतं. ती खोक्यांना दोऱ्या बांधायची, सोडायची, परत बांधायची. मला ते बघवत नव्हतं.

घर मिळालं ते ॲपवर नाहीच. नाशिक रोडच्या बाजारात एक आजी आपल्या मळ्यातली फुलं घेऊन बसतात, आई कित्येक वर्षं त्यांच्याकडूनच देवाला फुलं घेते. त्या दिवशी आईने नेहमीपेक्षा कमी घेतली. आजींनी विचारलं तर म्हणाली, देव खोक्यात आहेत. आजी म्हणाल्या, "आमच्या मागल्या दोन खोल्या पडून हायत. मजुरांसाठी बांधल्या व्हत्या, आता मजूर गाडीवर येत्यात न् गाडीवर जात्यात. बघून जा."

जेलरोड संपवून नदीकडे गेलं की मळा लागतो. मी ठरवूनच गेले होते की तोंड उघडायचं नाही. आजींच्या मुलाने खोल्या दाखवल्या, पाणी दाखवलं, आणि मग आलंच. "काकू, राग मानू नका, पण तुम्ही एकट्या, वय झालेलं. उद्या काही झालं तर?" आई उत्तर जुळवत होती, तेवढ्यात पायरीवरून आजी म्हणाल्या, "मला काय झालं तर काय करशील?"

"तू आई आहेस माझी."

"दवाखान्यात नेशील ना? मग गाडी एकच लागती. दोघींना बसव."

तो हसत सुटला. मग आजींनी आईला विचारलं, "हार गुंफता येतो का?" आई म्हणाली नाही. "मग शिक. मला बोलायला माणूस लागतं, आन हात रिकामे ठेवून मला बोलता येत नाय. किती दिवस राहणार?" आई मुरलेली भाडेकरू. खाली बघून म्हणाली, "अकरा महिने. पुढं तुम्ही म्हणाल तसं." आजींचा चेहराच पडला. "अकरा महिन्यांत तर हातबी बसत नाय हाराला. जायचंच असंल तर शिकवू कशाला?"

कायम हा शब्द आईच्या तोंडून निघणार नव्हता. शेवटी मीच तोंड उघडलं, पप्पा. म्हटलं, "आजी, आई कायमची राहील." आई दचकून माझ्याकडे बघायला लागली. आजी म्हणाल्या, "मग हरकत नाय."

अॅग्रीमेंट अकरा महिन्यांचंच झालं, मुलगा म्हणाला रीत आहे ती. म्हणून मी वर्षभर मनातून धास्तावलेलीच होते. आणि परवा मी तिथं असताना तो ओट्याशी आला. दोघी झेंडूच्या ढिगाशी बसलेल्या, कुणाची सून जास्त आळशी यावर जोरात चाललेलं. तो म्हणाला, "काकू, आपलं अॅग्रीमेंट मागच्याच महिन्यात संपलं की! तुम्ही पण बोलल्या नाहीत." आणि आई, जिला आजपर्यंतच्या सगळ्या तारखा पाठ, सुई तशीच हातात धरून म्हणाली, "अगंबाई, संपलं का?" आणि पुढचं फूल ओवलं. आजी म्हणाल्या, "सह्या मग करा. टेम्पो थांबलाय, आधी हे हार होऊ द्या." मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. एवढं हलकं मला दहावीच्या रिझल्टलाही वाटलं नव्हतं.

हे तुम्हाला पाठवायचं नाहीच, फोनमध्येच राहील. आईला पण दाखवणार नाही, कारण आता जे सांगतेय ते तिला सांगता येणार नाही. रडून झाल्यावर मी तिघींसाठी चहा टाकला आणि मला साखर सापडेना. आपल्या प्रत्येक घरात डबे एकाच क्रमाने लागायचे, खोक्यातून निघायचे तसेच, मी अंधारातही साखर काढू शकले असते. इथं आईने सगळं पसरून, तिच्या सोयीने लावलंय. मी दारातून ओरडले, "आई, साखर कुठंय?" आई सुईत दोरा घालत होती. आजीच म्हणाल्या, "खालच्या फळीला, पिठामागं." मला पप्पा, क्षणभर बरं नाही वाटलं ते. माझ्या आईच्या घरात मी पाहुणी. मग साखर काढली, आजींच्या कपात जरा जास्तच टाकली.