लक्ष्मीला वाचून दाखवलेले मृत्युपत्र

मी, काळुराम धाकू मढवी, वय अडुसष्ट, राहणार भोपर, डोंबिवली पूर्व, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलाला, म्हणजे विकीला, शंका नको. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. लाज आहे, पण कायदा तिला दबाव धरत नाही.

१. वडिलोपार्जित जमिनीचे कायद्याने होईल ते होईल. राहते घर मात्र मी स्वकमाईतून बांधले आहे. ते तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पत्नी लक्ष्मी हिला एकटीला देतो. मुलांनी त्यात हिस्सा मागू नये. कारण पुढे दिले आहे.

२. नाक्यावरचा गाळा विकीला. माझी लॅपटॉपच्या चार्जरची पेटी त्याने न विचारता भंगारवाल्याला दिली, हे मी विसरलेलो नाही. तरी गाळा त्यालाच.

३. पोटमाळ्यावरचे सर्व जुने लॅपटॉप, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि पेनड्राइव्ह मुलगी रुपाली हिला. ही यंत्रे इस्टेटमधल्या कचेऱ्यांनी टाकून दिलेली आहेत. विंडोज उघडेपर्यंत चहा होऊन जाई. मी त्यांवर विंडोजऐवजी फुकट मिळणारे लिनक्स आणि त्यातला अगदी हलका डेस्कटॉप घालतो, की ती चालू लागतात. पडद्यावरची पट्टी वर हवी की खाली, अक्षर केवढे, आयकॉन कुठे, हे सगळे घेणाऱ्याच्या सोयीने बसवून देतो. त्यामुळे गावात मला मास्तर म्हणतात. हल्ली ते ऐकवत नाही.

४. असाच एक लॅपटॉप मी लक्ष्मीला तयार करून दिला. रुपाली लग्न होऊन कल्याणला असते. तिच्याशी बोलता यावे, भजने ऐकता यावीत, एवढाच हेतू. प्रत्येक आयकॉनखाली मराठीत नाव घातले. लक्ष्मीला जमेना, म्हणून अक्षर मोठे केले. मग आणखी मोठे केले. मग टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेऊन चष्मा करून आणला. ती चष्मा लावून बसू लागली. एका रविवारी मला हुक्की आली आणि मी सगळे आयकॉन नावांच्या क्रमाने लावले. दुपारी तिने नेहमीसारखा पहिलाच दाबला. तिथे आता ‘रुपाली’ऐवजी ‘बिल’ होते. विजेचे बिल उघडले, आणि ती त्या बिलाला विचारत राहिली, “रुपाली, आयकाला येतं का गो?”

मी मोठ्याने हसलो. वर म्हणालो, “अगं, एवढं ढळढळीत लिहिलंय, दिसत नाही?”

“दिसतंय. मना वाचाला नाय येत.”

नातवंडे कॉलेजात गेली, तोवर मला हे माहीत नव्हते. ती रोज पेपर उघडून बसते, सहीही करते. पेपर सरळ कसा धरायचा ते फोटोंवरून कळते, असे तिनेच सांगितले. मुलांना दोघांनाही ठाऊक होते. “तुम्ही कधी विचारलंत का, पप्पा?” विकी म्हणाला.

५. हसलो त्याची लाज वाटतेच. त्याहून मोठी लाज ही. सासरे वारल्यावर आगासनच्या जमिनीतला तिचा हिस्सा भावांना सोडण्याचा कागद मीच तिच्यापुढे ठेवला. मेव्हण्यांना शब्द देऊन बसलो होतो. बायकोचा हिस्सा मागणारा जावई असे नाव मला नको होते.

“कसला कागद?” तिने विचारले.

“वाच की,” मी म्हणालो.

तिने सही केली. वाचून समजले का, असे पुढे निबंधकांच्या कचेरीत विचारले गेले तेव्हा ‘हो’ तिच्याऐवजी मीच म्हणालो. हिस्सा गेल्याचे तिला भावजयीकडून कळले. तिने मला जाब विचारला नाही, आणि मी मात्र तिने वाचून, राजीखुशीने सोडले असे मनाशी धरून निवांत जेवत राहिलो. आता त्या जमिनीवर इमारती आहेत. ती परत देणे माझ्या हातात नाही. घर आहे, ते देतो.

६. लक्ष्मीच्या लॅपटॉपवर आता नावांच्या जागी माणसांचे फोटो आहेत, आणि कागद मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज बसवला आहे. त्याचे मराठी अडखळते, पण तो काही गाळत नाही. रुपालीने त्यातले काहीही आईला विचारल्याशिवाय हलवू नये. तसेच गावात कोणालाही यंत्र देताना, वाचता येते का, हे आधी एकटे गाठून, हळू आवाजात विचारावे. सर्वांसमोर विचारू नये.

७. सही करण्यापूर्वी हे सर्व मी साक्षीदारांसमोर लक्ष्मीला वाचून दाखवले. पाचवे कलम ऐकून ती उठून आत गेली. बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली, “फुडं वाचा.” वाचून झाल्यावर मी तिला विचारले, शेवटी ‘पत्नीने मला क्षमा केली आहे’ असे एक वाक्य घालू का?

“घर लिवला, बरा केला. मी घेते,” ती म्हणाली. “पन माफ केला असा कागदावर लिवू नका. मी केला नाय.”

म्हणून ते लिहिलेले नाही.

वरील मजकूर माझा आहे. साक्षीदारांदेखत मी, आणि माझ्यादेखत त्यांनी, खाली सही केली.

काळुराम धाकू मढवी

साक्षीदार:
१. साईनाथ बाळाराम तरे, शेजारी
२. डॉ. दीप्ती गायकर, दाखला देणाऱ्या

ठिकाण: भोपर, डोंबिवली पूर्व
दिनांक: १४ डिसेंबर २०२५