गाडीची तीट

रविवार, संध्याकाळ

आज मेघानं, माझ्या नातीनं, तिच्या खेळण्यातल्या छोट्या गाडीला दुसरा रंग दिला. वरचा पांढरा सुकला होता. त्यावर चिकटपट्टी लावून खाली निळा फवारायचा. मागच्या वेळी पट्टीखालून रंग झिरपला नि रेघ बिघडली, पोर रडली होती. म्हणून आज म्हणाली, "अज्जी, कड तू दाब." करंजीची दाबते तशी दाबली नखानं. तरी धाकधूक, रेघ सरळ येईल ना?

फवारून झाल्यावर मी पट्टीला हात घातला, तर ओरडली, "स्वल्प थांब, अज्जी!" तिनंच हळू सोलली. काय सरळ रेघ! दृष्ट लागेल म्हणून मी लगेच काजळाचं बोट गाडीच्या पोटाला लावलं. तिथला निळा ओलाच होता की! बोट उमटलं. पुसू का, विचारलं.

"नको. ती तुझी सही."