सहा कर्मचाऱ्यांची संचालिका

अखिल-ब्रेबेस-बदकमंडलाधीश्वरी, लवणांडविद्याविभूषिता, स्वयंसिद्ध उद्योगसंचालिका चि. वेनिंग हिला मकास्सरहून थोरला भाऊ वीर्योनो याचे अनेक आशीर्वाद.

प्रकृती उत्तम आहे, असे आईला सांगावे. तिचा गुडघा कसा आहे?

वरील बिरुदांपैकी पहिली दोन मी रचली. तिसरे, जेथून तू पदवी घेतलीस त्या आमच्या विद्यापीठाच्या कागदांत सापडले. सोमवारी मूल्यांकन समिती येत आहे. किती पदवीधर सहा महिन्यांत कामाला लागले, यावरही विद्यापीठाची श्रेणी ठरते. त्या यादीत तू संचालिका आहेस आणि तुझ्या हाताखाली सहा कर्मचारी आहेत! आपल्या ब्रेबेसच्या घरी खारवायच्या अंड्यांसाठी बदके सहाच आहेत, हे येथे माझ्याखेरीज कोणास ठाऊक? विद्यापीठातून फोन आला तेव्हा तू बदकांविषयी कोणाशी बोललीस काय?

"ही माझी धाकटी बहीण. दोन वर्षे नोकरी शोधते आहे," असे मी विभागप्रमुख पाक मप्पासेंग यांना सविनय निवेदिले.

ते हसले. "अहो पाक वीर्योनो, बदकं अंडी घालतात ना? मग उत्पादन चालू आहे! करा यादीवर सही."

मी केली नाही.

समिती तुला फोन करील. खरे तेच सांग. माझ्या नोकरीची चिंता तू करू नकोस. ती मी करतोच आहे.

सही नाकारली त्याच दुपारी माझी खुर्ची अंतर्धान पावली. समितीसाठी नेली म्हणतात. समितीत माणसे तीन, सभागृहात खुर्च्या चाळीस. प्रस्तुत पत्र मी उभ्याने लिहीत असून, खुर्ची कोणाकडे मागावी हे कोणीही सांगत नाही.