चर्चच्या दारावरची नोटीस

बुधवार, ३ एप्रिल १९९६

अंगाचा नुसता तिळपापड झालाय! डॅफ्नी कव्हरडेल आली होती, चर्चच्या आवारातल्या कबरींचा नकाशा घेऊन. ही बाई नोकरी संपवून लंडनहून ऑर्ल्सबीत राहायला आली, अजून गावातल्या गल्ल्या धड ठाऊक नाहीत, आणि आमचा इतिहास आम्हालाच शिकवतेय. पुस्तक काढणार आहे म्हणे. प्रत्येक कबरीला निळा ठिपका. माझे आईबाबा कुठे, माझा नवरा सिरिल कुठे, सगळं बोट ठेवून दाखवलं. मी विचारलं, आणि माझा मुलगा?

कोणता मुलगा, म्हणाली. माझा. अठ्ठावन्न सालचा. श्वास न घेताच जन्मलेला. तेव्हा चष्मा काढला आणि आवाज मऊ करून म्हणते कशी, "हिल्डा, दफनाच्या नोंदीत तो नाही. मी मनानेच ठिपका कसा देऊ?"

त्या पुस्तकात पबच्या सगळ्या मालकांना जागा आहे. शर्यत जिंकलेल्या एका घोड्यालासुद्धा आहे! माझ्या मुलाला ठिपका नाही. चहा अर्धा असतानाच मी तिचा कप उचलला.

गुरुवार, ४ एप्रिल

राग उतरत नाही. नर्सने त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि घेऊन गेली. मला तोंडही पाहू दिलं नाही. विसरून जा, दुसरं होईल, म्हणाली. झालं नाही.

सिरिल एवढंच म्हणाला की पर्सी लशरने सोय केली. पर्सी आमच्या गावचा सुतार. शवपेट्या तोच करायचा, खड्डेही तोच खणायचा. सोय! गाय बांधायची सोय करतात, पाहुण्यांच्या झोपण्याची करतात. कुठे पुरलं म्हणून विचारलं की सिरिल उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जायचा. त्या कोंबड्या खाऊन खाऊन फुटायच्या राहिल्या. मग मी विचारायचं सोडलं. आणि आता तोही नाही.

रविवार, ७ एप्रिल

ईस्टर. चर्चच्या दारावर नोटीस लागलीय. जाइल्स थ्रेल शेतं विकून डेव्हनला चाललाय, तर आजोबा एडमंड यांनाही इथल्या कबरीतून खणून बरोबर नेणार. आजी तिकडे पुरलेली आहे ना, म्हणून नवराबायको शेजारी शेजारी. कुणाची हरकत असेल तर महिनाअखेरपर्यंत कळवा.

आमच्या पाद्रीबाई नव्या आहेत. प्रवचनात म्हणाल्या, एडमंड थ्रेल म्हणजे या गावाचा आधारस्तंभ. मेल्या म्हशीला मणभर दूध! बाबांनी त्याच्या शेतावर उभा जन्म घालवला. गाडीवरून पडून पाठ मोडली, तर या आधारस्तंभाने आठवड्यात घर रिकामं करायला लावलं. घर मजुरांसाठी होतं, आणि बाबा आता मजूर राहिले नव्हते! आईचं कपाट भर पावसात रस्त्यावर उभं होतं. बाबा पुढचा उन्हाळा पाहू शकले नाहीत. आणि हा दर रविवारी पुढे उभा राहून बायबल वाचायचा.

मंगळवार, ९ एप्रिल

दुकानात जाइल्स भेटला. पोरगा वागायला बरा आहे, आजोबावर गेलेला नाही. तुमची काही हरकत नाही ना, असं अदबीने विचारलं. मी म्हटलं, "ने बाबा. हवं तर माझं फावडं घेऊन जा." त्याला ती थट्टा वाटली.

रविवार, १४ एप्रिल

डॅफ्नीने आज वाटेत गाठलं. ज्याने पुरलं त्याने जागा सांगितली, तर ठिपका देईन म्हणाली. हे आधी सुचलं नव्हतं का? आणि मला तरी का सुचलं नाही! पर्सी अजून आहे, तालुक्याच्या वृद्धाश्रमात. उद्या बसने जाते.

सोमवार, १५ एप्रिल

आत्ताच बसने परत आले.

पर्सीने मला लगेच ओळखलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "एवढी वर्षं लावलीस, पोरी." त्या काळी अशा मुलांना वेगळी कबर द्यायचे नाहीत म्हणे. त्या आठवड्यात गावात जी पेटी खाली जायची असेल, तिच्यात गुपचूप ठेवायचे. त्या घरच्यांनाही सांगायचे नाहीत. सिरिल त्याच्या दुकानात येऊन रडला होता. पोराला एकटं टाकू नकोस, एवढंच म्हणत होता.

मी विचारलं, कुणाच्या पेटीत?

"तुला आवडायचं नाही," म्हणाला. "त्या आठवड्यात एकच माणूस गेला होता."

तेव्हा आठवलं. मी तापाने फणफणत पडले होते आणि सगळा गाव थ्रेलच्या मयताला गेला होता.

"पायाशी नाही ठेवलं मी," पर्सी म्हणाला. "पायाशी ठेवायची रीत होती. पण मी हाताच्या घडीत ठेवलं. मोठे हात होते त्याचे."

सिरिलला माहीत होतं. सगळं माहीत होतं! हिल्डाला सांगू नकोस, नाहीतर हातांनी उकरून काढेल, असं त्याने पर्सीला बजावलं होतं.

मंगळवार, १६ एप्रिल

बरोबरच बोलला होता मेला. उकरलंच असतं!

अख्ख्या गावात हाच माणूस मिळाला? माझ्या बापाला पावसात काढणारा? सिरिलवर ओरडावंसं वाटतं, पर्सीवर, त्या नर्सवर. सकाळी आवाराच्या फाटकापर्यंत गेले. त्या दगडावर मी आजवर साधं फूल ठेवलं नाही. उलट जवळून जाताना दर वेळी थुंकलेय. कुणावर थुंकत होते मी! आत पाऊल टाकवेना, तशीच परत आले.

बुधवार, १७ एप्रिल

पाद्रीबाईंकडे जाऊन लेखी हरकत दिली. त्या बुचकळ्यात पडल्या, का म्हणून विचारलं.

म्हटलं, थ्रेलसाहेबांना हलवू नका. त्यांच्या हातात माझा मुलगा आहे.